घटातला जव रुजावा, शेतातलं भात रुजू नये

गेल्या नवरात्रात आमच्या घरी एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातनं जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

घटस्थापनेला आईने परडीत माती घेतली, मधे घट ठेवला आणि भोवती धान्य पेरलं. भात, नाचणी, मूग घरचे, आणि पूजेच्या सामानाच्या दुकानातनं आणलेली जवाची पुडी. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर जवाचे कोंब वर, सुईसारखे सरळ, देवघरात उजेड कमी म्हणून पिवळट. आई खूश, रुजवण छान आली म्हणाली. आणि त्याच सकाळी काका मळ्यातनं हातात एक पेंढी घेऊन आले आणि ओटीवर टाकली. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापून मळ्यात पसरलेलं होतं, एक दिवस ऊन मिळालं असतं तर उचललं असतं, पण परतीचा पाऊस जो लागला तो चार दिवस थांबलाच नाही. पेंढी सोडवायला गेलो तर लोंब्या सुटेनात. प्रत्येक दाण्यातनं पांढरी बारीक मुळं फुटलेली आणि ती एकमेकांत अशी गुंतलेली की सगळी पेंढी म्हणजे एक गादीच झाली होती. काका एवढंच म्हणाले, "बघ, घरात पण रुजवण आणि मळ्यात पण रुजवण."

कोकणात भात लावणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. पण मला प्रश्न पडला की दाणा कधी रुजायचं हे ठरवतो कोण? पाणी मिळालं की रुजतो हे उत्तर अर्धंच आहे, कारण पावसाळ्यात दाणा लोंबीत भरत असतो तेव्हाही त्याला पाणी मिळतच असतं, मग तेव्हा का नाही रुजत? ह्याचं उत्तर शोधता शोधता मी भातावरनं जवावर गेलो, कारण ह्या प्रश्नावर जगात ज्या धान्याचा सगळ्यात खोलात जाऊन अभ्यास झालाय त्यातलं एक म्हणजे जव. आणि एकदा जवात शिरल्यावर कळलं की आपल्या हळव्या आणि गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) जाती, खारजमीन, जांभ्याची माती, आंब्यावरची भुरी, ह्या सगळ्याला जोडलेल्या गोष्टी त्याच्यात आहेत.

आधी जव म्हणजे काय ते. आपल्याला तो होमात आणि श्राद्धात तिळाबरोबर माहितीये, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेलं बार्लीचं पाणी, ती बार्ली म्हणजे हाच जव. गव्हाचा चुलतभाऊ. आपल्याकडे राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, हरयाणा ह्या पट्ट्यात रब्बीत पिकतो, कर्नालला गहू आणि जव ह्यांच्यासाठी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. जगात गहू, मका, तांदूळ ह्यांच्यानंतर धान्यांत त्याचाच नंबर लागतो. त्यातला बराचसा जनावरांना जातो आणि चांगला मोठा वाटा माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्याला, ज्याच्यापासनं बिअर बनते.

माल्ट समजायला आपल्याला कुठं लांब जायला नको. नाचणीचं सत्व करतात ते आठवा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. लहान बाळाला ते पचतं आणि किंचित गोडसर लागतं. का, तर मोड येताना दाण्याने आपल्या आतलं स्टार्च तोडून साखर करायला सुरुवात केलेली असते. जवाचा माल्ट म्हणजे तेच, कारखान्याच्या मापात.

आता आत काय होतं बघा, मला हे फार सुंदर वाटतं. दाण्याच्या एका टोकाला गर्भ असतो, म्हणजे पुढं रोप होणारा तो बारीक जीव, आणि बाकीचा सगळा दाणा म्हणजे त्याची शिदोरी. त्या शिदोरीच्या भोवती सालीखाली पेशींचा एक पातळ पापुद्रा असतो, त्याला अल्यूरोन म्हणतात. दाणा भिजला आणि गर्भ जागा झाला की गर्भाकडनं एक निरोप सुटतो, जिबरेलिन नावाचं संप्रेरक. तो निरोप अल्यूरोनपर्यंत पोचला की तिथल्या पेशी अमायलेज नावाचं एन्झाइम बनवायला लागतात, ते आत सोडतात, स्टार्च विरघळून साखर होते आणि ती गर्भाला मिळते. गंमत म्हणजे ह्या जिबरेलिनचा शोध भातामुळे लागला. जपानमधे भाताची रोपं एका बुरशीमुळे उगाच लांबुळकी वाढून पडायची, १९२६ साली कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की बुरशी एक पदार्थ सोडते आणि त्यामुळे हे होतं, तो पदार्थ म्हणजे हाच. पण तो बीमधे काम कसा करतो ह्याचं बरंचसं ज्ञान जवाच्या अल्यूरोनवर प्रयोग करून मिळालंय, कारण जवात तो पापुद्रा जाड आहे आणि वेगळा काढून अभ्यासायला सोपा पडतो.

जिबरेलिन म्हणजे किल्ली म्हटलं तर कुलूप पण आहे, अॅबसिसिक अॅसिड. दाणा लोंबीत भरत असताना हे त्याच्यात वाढत जातं आणि सांगत राहतं की थांब, आत्ता नाही. म्हणूनच भर पावसात हिरव्या लोंबीतला दाणा रुजत नाही. दाणा पिकला, वाळला, तरी काही दिवस हे कुलूप तसंच राहतं, शेतकी भाषेत ह्याला सुप्तावस्था म्हणतात. मग जसजसे आठवडे, महिने जातात तसं ते आपोआप सैल होतं, आणि जूनमधे पेरायला काढाल तेव्हा भिजवलं की सरळ रुजतं. तेव्हा सगळा खेळ ह्याचा आहे की कुलूप किती घट्ट आणि किती दिवस टिकणार. काकांच्या हळव्या भाताचं कुलूप चार दिवसांच्या पावसापुढे टिकलं नाही. दाणा भरताना हवा कशी होती त्यानेही फरक पडतो, जवात आणि गव्हात हे नीट दिसलंय की दाणा भरताना थंडी असेल तर सुप्तावस्था खोल जाते आणि उष्मा असेल तर उथळ राहते.

आता इथं जवाची गोष्ट रंगते. माल्टवाल्याला काय पाहिजे? पोतं ओतलं, भिजवलं की सगळे दाणे एकदम, एका दिवशी रुजले पाहिजेत. झोपाळू दाणा त्याला नको. त्यामुळे युरोपात पिढ्यान् पिढ्या माणसांनी पटकन रुजणारा जव निवडला. पण शेतकऱ्याला कापणीच्या वेळेला पाऊस आला तर हाच पटकन रुजणारा जव कणसातच रुजतो आणि माल मातीमोल होतो. तिकडे जपान, कोरिया, चीन ह्या भागात जव कापायला येतो तेव्हा त्यांचा पावसाळा सुरू होत असतो, म्हणजे अगदी आपल्यासारखीच अडचण, तिथल्या शेतकऱ्यांनी नकळत उलटी निवड केली, झोपाळू जव टिकवला.

हा फरक नेमका कुठं आहे ते गेल्या दहा वर्षांत उलगडलं. जपानी संशोधकांनी २०१६ साली दोन वेगवेगळ्या जनुकांची नावं पुढं आणली, एक अॅलॅनिन अमिनोट्रान्सफरेज आणि दुसरं एमकेके३. दुसरं जास्त महत्त्वाचं ठरलं, गव्हात पण तेच सापडलं. एमकेके३ हे पेशीतल्या निरोप्यासारखं प्रोटीन आहे, ते जेवढं जोरात काम करतं तेवढी सुप्तावस्था लवकर सुटते. पूर्व आशियातल्या झोपाळू जवात ह्या प्रोटीनच्या साखळीत फक्त एक कडी बदललेली निघाली, २६० व्या जागेवरची, आणि त्यामुळे ते मंदावलंय. पुढं २०२५ साली सायन्स ह्या नियतकालिकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या आणि इतर देशांतल्या संशोधकांनी आणखी पुढचं चित्र मांडलं, की काही जवांत ह्या जनुकाची एकच प्रत असते आणि काहींत अनेक प्रती, प्रती जास्त तर निरोप्या जास्त, आणि दाणा लवकर जागा होतो. म्हणजे कुठल्या मुलखात बिअर महत्त्वाची होती, कुठं कापणीत पाऊस होता, हे सगळं त्या एका जनुकाच्या प्रती आणि जोर ह्यात लिहिलेलं सापडलं. मला हे वाचताना खरंच अंगावर काटा आला, कारण लिहायला-वाचायला न येणाऱ्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं फक्त पुढच्या वर्षासाठी कुठलं बी ठेवायचं एवढा निर्णय घेतला आणि त्याची नोंद दाण्याने स्वतःच्या आत ठेवली.

प्रती वगैरे म्हणतोय ते कळायला जवाचं पुस्तक केवढं आहे ते सांगतो. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेलं लांबच लांब पुस्तक असं धरा. भाताचं पुस्तक साधारण ४० कोटी अक्षरांचं. माणसाचं ३०० कोटींच्या थोडं वर. जवाचं ५०० कोटींच्या आसपास, सात खंडांत, म्हणजे सात गुणसूत्रं. एवढं मोठं असून त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे तीच तीच वाक्यं परत परत छापलेली. त्यामुळे फाटलेले तुकडे जोडताना कुठला तुकडा कुठल्या पानाचा तेच कळायचं नाही, भाताचं पुस्तक वाचून झाल्यावर बरीच वर्षं जवाचं रखडलं त्याचं हे मोठं कारण. २०१२ साली कच्चा मसुदा आला, २०१७ साली मोरेक्स नावाच्या एका जातीचं नीट जोडलेलं पुस्तक आलं. मग लक्षात आलं की एका जातीचं पुस्तक वाचून जव कळत नाही, कारण एका जातीत अख्खी पानं असतात जी दुसरीत नसतातच, किंवा उलटी बांधलेली असतात. म्हणून २०२० साली २० जातींची आणि २०२४ साली रानटी आणि लागवडीच्या मिळून ७६ जवांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली गेली, ह्याला पॅनजीनोम म्हणतात. ह्या ७६ मधेच दिसलं की स्टार्च तोडणाऱ्या त्या अमायलेजच्या जनुकाच्याही प्रती कमीजास्त असतात. जर्मनीत गाटर्सलेबेन म्हणून गाव आहे, तिथल्या बियाणे बँकेतल्या जवाच्या २२,००० च्या वर नमुन्यांचा डीएनए २०१९ पर्यंत तपासून झाला होता. २२ हजार नमुने! आपल्याकडे जुन्या भातांच्या जाती डोळ्यांदेखत जातायत, तेव्हा हा आकडा वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

जव माणसाच्या हाताशी आला त्याला दहा हजार वर्षं झाली, आजचं इस्राएल, जॉर्डन, सीरिया, तुर्कस्तान, इराक ह्या पट्ट्यात. रानटी जवाचं कणीस पिकलं की दांड्याचे सांधे तुटून दाणे एकेक करून गळतात. आपल्या तळ्यांच्या कडेला उगवणारं देवभात बघितलंय ना, पिकलं की हात लावायच्या आत झडतं, तसंच. रानात हे बरोबर आहे, कापणाऱ्याच्या दृष्टीने तोटा. मग कधीतरी दोन शेजारी शेजारी असलेल्या जनुकांपैकी एक बिघडलं आणि सांधे तुटेनासे झाले, दाणे कणसातच राहिले, माणसाने तेच घरी आणले आणि तेच पेरले. २०१५ साली कळलं की हा बिघाड दोन ठिकाणी वेगवेगळा झालाय, एका भागात पहिलं जनुक बिघडलं, दुसऱ्या भागात दुसरं. आणि मृत समुद्राजवळच्या एका गुहेत ६,००० वर्षांपूर्वीचे जवाचे दाणे मिळाले, त्या कोरड्या हवेत इतके टिकलेले की २०१६ साली त्यांचा डीएनए वाचता आला, आणि तो त्याच भागात आज पिकणाऱ्या जवाशी बराच जुळला.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जनुकात बदल म्हटलं की आपल्याला वाटतं काहीतरी नवीन शक्ती आली. जवात बघायला गेलं तर माणसाला उपयोगी पडलेले कितीतरी बदल म्हणजे साधे बिघाड आहेत, चालू असलेलं काहीतरी बंद पडलेलं. रानटी जवाच्या कणसात दाण्याच्या दोनच ओळी भरतात कारण बाजूची फुलं दाबून ठेवणारं एक जनुक असतं, ते बिघडलं की सहा ओळी भरतात, हे २००७ साली सापडलं. जवाच्या दाण्याला तूस चिकटून बसतं, ते चिकटवणारं जनुक निघून गेलं की दाणा गव्हासारखा मोकळा निघतो. आणि सगळ्यात भारी उदाहरण भुरीचं.

आंबेवाल्यांना भुरी सांगायला नको. मोहोर आला, रात्री गारवा, सकाळी दमट, की पांढरी पूड पडल्यासारखा मोहोर होतो आणि गळून जातो. जवावर पण भुरी येते, बुरशी वेगळी पण तऱ्हा तीच. १९४२ साली जर्मनीत जवाच्या बियांवर क्ष-किरण मारून झालेल्या रोपांत एक असं मिळालं की त्याला भुरी लागतच नव्हती. नंतर इथिओपियाच्या गावठी जवांतही तोच गुण आपोआप झालेला सापडला. १९९७ साली जनुक हाती लागलं, एमएलओ. ते चालू असेल तर बुरशीला पेशीत शिरता येतं, ते बिघडलं की दारच बंद. इतर रोगप्रतिकार करणारी जनुकं असतात ती बुरशी चारपाच वर्षांत चुकवते, ही गोष्ट मात्र युरोपच्या शेतांत १९७० च्या दशकाच्या शेवटापासनं टिकून आहे. अर्थात फुकट काही नाही, एमएलओ बिघडलेल्या जवाच्या पानांवर कधीकधी डाग पडतात, पानं लवकर म्हातारी होतात, उत्पन्न थोडं घटू शकतं, त्यावर पैदासकारांना वेगळी मेहनत घ्यावी लागली. २०१४ साली चिनी संशोधकांनी गव्हाच्या गुणसूत्रांच्या तिन्ही संचांतलं हेच जनुक ठरवून बंद करून भुरी न लागणारा गहू दाखवला.

उंचीचं पण तसंच. पूर्वीचं उंच भात जरा वारा आला की आडवं. मग १९६० च्या दशकात आयआर८ ही भाताची जात आली, बुटकी, ताठ, खत झेपणारी. त्या बुटकेपणाचं कारण म्हणजे जिबरेलिन बनवणारं एक जनुक कमजोर झालेलं. जवातल्या बुटक्या जातींत जे जनुक कमजोर आहे ते भातातल्या ह्याच जनुकाचं भावंड. जपानकडच्या काही जवांत वेगळाच मार्ग आहे, तिथं दुसऱ्या एका संप्रेरकाचा निरोप ऐकणारा कानच थोडा बहिरा झालाय, पण परिणाम तोच, झाड बुटकं.

हळवं, निमगरवं, गरवं हे आपण इतकं सहज बोलतो पण त्याच्यात झाडाच्या घड्याळाचं सगळं शास्त्र आहे. जुनं गरवं भात जूनमधे पेरा नाहीतर जुलैत, ते दिवस लहान होईपर्यंत पोटरीला येत नाही, म्हाताऱ्या माणसांना हे पक्कं माहितीये. भात रात्र मोठी होण्याची वाट बघतं. जव बरोब्बर उलटा, तो दिवस मोठा होण्याची वाट बघतो. जवात ह्यासाठी जे मोठं जनुक आहे, पीपीडी-एच१, ते २००५ साली सापडलं. भूमध्य समुद्राच्या बाजूच्या जवात ते जोरात चालतं, वसंतात दिवस मोठे झाले की लगेच फुलायचं, उन्हाळ्याच्या कोरडीच्या आत दाणा भरून मोकळं व्हायचं. उत्तर युरोपात उन्हाळाभर ओल असते, तिथं घाई कशाला, म्हणून तिथल्या वसंतात पेरायच्या जवात हे जनुक मंदावलेलं निवडलं गेलं, झाड जास्त दिवस वाढतं आणि जास्त दाणे देतं. शिवाय काही जवांना फुलायच्या आधी कित्येक आठवडे थंडी लागतेच, एक जनुक फुलोरा अडवून धरतं आणि थंडी पडून गेली की दुसरं जनुक त्या अडवणाऱ्याला बाजूला करतं. ह्या सगळ्यांचा निर्णय शेवटी एकाच ठिकाणी येतो, पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणारं एक बारीक प्रोटीन, फ्लोरिजेन, आणि ते भातात आणि जवात एकाच घराण्यातलं आहे. घड्याळ तेच, काटे उलटे लावलेले.

मग जव कोकणात का नाही? उष्मा आणि दमटपणा हे आहेच, पण मला जास्त भावलं ते मातीचं कारण. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. आम्लपणा वाढला की मातीत बांधलेलं अॅल्युमिनियम सुटं होऊन पाण्यात येतं आणि मुळांची टोकं जाळतं, मुळं आखूड आणि जाडसर होतात, खाली जातच नाहीत. धान्यांत ह्या बाबतीत भात सगळ्यात चिवट आणि जव सगळ्यात नाजूक. पण पूर्व आशियातले काही जव आम्ल मातीतही तग धरतात आणि ते कसं हे २०१२ साली जपानच्या ओकायामा विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. जवात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आंबटाचंच रूप, बाहेर सोडणारं एक प्रोटीन असतं, त्याचं मूळ काम मुळातनं वर लोह पोचवायला मदत करायचं. ह्या जवांत त्या जनुकाच्या आधी साधारण हजार अक्षरांचा एक तुकडा कुठनं तरी येऊन बसला, आणि त्यामुळे ते प्रोटीन मुळाच्या टोकाला पण बनायला लागलं. टोकातनं सायट्रेट बाहेर पडतं, अॅल्युमिनियमला धरून ठेवतं, मूळ वाचतं. हे मात्र बिघाडाचं उदाहरण नाही, इथं जुन्या माणसाची बदली नव्या जागी झाली आणि तो तिथं उपयोगी पडला असं म्हणता येईल.

खारेपणाचं मात्र एकदम उलटं आहे, तिथं जव आपल्या भाताला मागे टाकतो. आमच्या खाडीच्या अंगाला खारबंदिस्तीची जमीन आहे, बांध फुटला किंवा उघाडीचं दार नीट बसलं नाही की भरतीचं पाणी आत येतं आणि मग दोनतीन पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत तिथं भात म्हणावं तसं होत नाही. मातीचा खारेपणा डेसीसिमेन्स प्रति मीटर ह्या मापात मोजतात, भात साधारण ३ च्या पुढं गेलं की उत्पन्न घटायला लागतं, गहू ६, जव ८. धान्यांत मिठाला सगळ्यात दमदार जव. त्याची युक्ती अशी की तो मीठ नुसतं अडवत बसत नाही, आत आलेलं सोडियम तो पानाच्या पेशीतल्या मोठ्या पोकळीत कोंडून ठेवतो, म्हणजे घरातलं काम चालतं तिथं त्याचा त्रास नाही, आणि पोटॅशियम मात्र हातचं जाऊ देत नाही. भाताच्या चिवट जाती वेगळं करतात. बंगालच्या नोना बोकरा नावाच्या भातात २००५ साली जे जनुक सापडलं ते मुळातनं वर निघालेल्या पाण्यातलं सोडियम परत खेचून घेतं, पानापर्यंत पोचूच देत नाही. आपल्या खारपट्ट्यातले काळा राता, भुरा राता हे जुने भात शेतकऱ्यांनी असेच पारखून ठेवलेले, आणि पनवेलला खारजमिनीसाठी संशोधन केंद्र आहे, तिथनं पनवेल-१, २, ३ अशा जाती आल्या. दोन धान्यांच्या दोन युक्त्या एका झाडात आणता आल्या तर काय होईल हा विचार मला सारखा येतो, पण हे सोपं नाही, कारण मीठ सोसायला झाडाला ताकद खर्च करावी लागते आणि ती दाण्यातनंच वजा होते. शेतात ताण एकटा येत नाही हे पण आहे. उष्मा, खार, मग चार दिवस पाणी साचणं, एकाच मोसमात सगळं. कुंडीत एकेक ताण देऊन मिळालेलं उत्तर मळ्यात जसंच्या तसं लागू पडत नाही, त्यामुळे हल्ली एकत्र ताणांवर काम वाढतंय आणि ते व्हायलाच पाहिजे.

परत आमच्या पेंढीकडे येतो. त्या पावसात अख्खं हळवं भात रुजलं असं मी म्हटलं ते पूर्ण खरं नाही. काकूंच्या हट्टापायी एका दळ्यात, म्हणजे शेताच्या एका तुकड्यात, लाल भात असतं, पेजेसाठी. ते पण त्याच दिवशी कापलेलं, त्याच पावसात भिजलेलं. काकांनी ते उचललं तेव्हा पेंढी सहज सुटली. दाणे फुगलेले, पण कोंब हाताच्या बोटावर मोजण्याइतके. काकांना वाटलं तो दळा उंचावर आहे म्हणून. उंचीचा थोडा भाग असेलही, पण मी वाचलेलं होतं की लाल तांदळाचा रंग ज्या जनुकाने येतो तेच जनुक सुप्तावस्थाही वाढवतं. २०११ साली शेतात तण म्हणून उगवणाऱ्या लाल भातावर हे दाखवलं गेलं, की ते जनुक एकीकडे सालीत रंग भरतं आणि दुसरीकडे कुलपाचं संप्रेरक, अॅबसिसिक अॅसिड, वाढवतं. म्हणजे पांढरा तांदूळ निवडताना आपण रंगाबरोबर थोडंसं कुलूपही टाकून दिलं. काकांना हे सांगितलं तर ते बराच वेळ दाणा नखाने सोलून बघत बसले.

मग आम्ही एक केलं. त्या लाल भाताची एक पुरचुंडी माळ्यावर बांधून ठेवली आणि थोड्या थोड्या दिवसांनी वीस दाणे काढून ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवायचे, रुजले किती ते कॅलेंडरवर लिहायचं. कोजागिरीला वीसातला एक. दिवाळीला चार. तुळशीच्या लग्नाला अकरा. संक्रांतीला वीसच्या वीस, आणि ते पण तिसऱ्याच दिवशी. म्हणून ह्या वर्षी घटाला लाल भात घालायचं तर गेल्या वर्षीचंच घाल, नवं घातलंस तर रुजवण यायची नाही, असं काकांनी आईला आत्तापासनंच सांगून ठेवलंय.